विश्लेषण : नवा कोरा वस्तरा थेट गालाला का लावत नाहीत? पहिल्या दाढीआधी त्याचे काय करावे लागते?

नवा सेफ्टी रेझर आणला की ब्लेड बसवून लगेच दाढी करता येते. नव्या वस्तऱ्याचे तसे नाही. पेटीतून निघालेला, आरशासारखा चकाकणारा वस्तरा बऱ्याचदा दाढीसाठी तयारच नसतो. तो तयार आहे असे समजून गालाला लावणाऱ्याच्या वाट्याला खरखर, आग आणि अनेकदा रक्त येते. दोष स्वतःच्या हाताला दिला जातो आणि वस्तरा कपाटात जातो. जुन्या पद्धतीने दाढी करण्याची हौस अलीकडे पुन्हा दिसू लागली आहे, ऑनलाइन बाजारात वस्तरे सहज मिळतात. पण ते वापरण्याआधी काय करायचे हे सांगणारी माणसे आसपास फारशी उरलेली नाहीत. ही तयारी म्हणजे काय, त्यामागचे विज्ञान काय आणि त्यात चुकले तर काय होते, ते पाहू या.

सलूनमध्ये असतो तोच हा वस्तरा का?

नाही, आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक सलूनमध्ये दिसणारा ‘उस्तरा’ म्हणजे खरे तर ब्लेडची पकड असते. नेहमीचे दुधारी ब्लेड कागदातच मधोमध मोडायचे, अर्धे पकडीत सरकवायचे आणि गिऱ्हाईक उठले की फेकून द्यायचे. त्याची धार ब्लेडच्या कारखान्यातच लागलेली असते. सलूनमध्ये तिच्यासाठी काही करावे लागत नाही.

इथे चर्चा आहे ती सलग पोलादी पात्याच्या, मिटवून मुठीत बसणाऱ्या वस्तऱ्याची. तो फेकायचा नसतो, परजत राहायचा असतो. नाभिकांच्या धोकटीत पूर्वी हाच वस्तरा असे आणि त्याच्या जोडीला धार लावायचा निसणा आणि चामड्याचा पट्टाही. खरेदी करताना दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. पाते उघडून निघत असेल किंवा वर्णनात ‘रिप्लेसेबल ब्लेड’ असे लिहिले असेल, तर पुढच्या तयारीची गरज नाही. नवे ब्लेड घालून सावकाश दाढी करावी. पाते आणि पाठ एकाच पोलादाची असेल, तर मात्र दाढीआधी बरेच काम आहे.

मग कारखान्यात त्याला धार लावत नाहीत?

लावतात. पण कोणती आणि कुठपर्यंत, हा खरा प्रश्न आहे. वस्तऱ्यांसाठी जगात सर्वांत प्रसिद्ध असलेले गाव म्हणजे जर्मनीतील सोलिंगन. वुप्पर नदी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या चक्क्यांवर तिथे शतकानुशतके पाती घासली गेली. या गावाच्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे आणि १९९४ च्या नियमावलीनुसार उत्पादनाचे महत्त्वाचे टप्पे सोलिंगन परिसरात झाले असतील तरच पात्यावर ते नाव कोरता येते. इंग्लंडमधील शेफील्ड आणि फ्रान्समधील तिएर ही याच धंद्यातली आणखी दोन मोठी नावे.

साधारण १ टक्का कार्बन असलेल्या पोलादाचा तुकडा तापवून, साच्यात ठोकून त्याला आकार दिला जातो. मग तो कडक केला जातो आणि सौम्य उष्णतेने त्याचा ठिसूळपणा कमी केला जातो. रॉकवेल मापनात त्याची कठीणता ६० च्या आसपास येते. त्यानंतर पात्याच्या दोन्ही बाजू फिरत्या चाकांवर आतल्या बाजूला खोलगट घासल्या जातात. चांगला वस्तरा आडवा कापून पाहिला तर पाठ जाड, मध्यभाग कंबरेसारखा आत गेलेला आणि धारेकडे कागदासारखा पातळ, असा आकार दिसेल. हा आकार देणे हे खरे कसब. धारेजवळचा भाग इतका पातळ असतो की नखाने हळूच टिचकी मारली तर चांगले पाते वाजते.

एवढे झाल्यावर उरते ती शेवटची धार. ती हाताने, दगडावर आणि पट्ट्यावर काढायची असते, तिला वेळ लागतो आणि ती एकसारखी येईलच असे नसते. काही कारखाने आणि काही विक्रेते हे काम मन लावून करतात. अनेक ठिकाणी मात्र वस्तरा भाजी कापेल, कागद कापेल इतपत धारेवर आणून, गंजू नये म्हणून तेल लावून पेटीत ठेवला जातो. पुढचे घेणाऱ्याने पाहावे, अशी या धंद्यातली जुनी रीत आहे. म्हणूनच शौकिनांच्या भाषेत ‘शेव्ह रेडी’ असा वेगळा शब्दच रूढ झाला. वस्तरा धारदार आहे का, हे विचारून उपयोग नाही, त्याला कोणीही ‘हो’च म्हणेल. धार कोणी लावली आणि कोणत्या दगडापर्यंत नेली, हे विचारावे. उत्तर गोलमोल आले तर वस्तरा तयार नाही असे धरून चालावे.

अगदी स्वस्तात मिळणाऱ्या काही वस्तऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांचे पोलाद मऊ असते किंवा पातेच किंचित पिळलेले असते. पिळलेले पाते दगडावर सपाट बसत नाही, त्यामुळे कितीही घासले तरी धारेचा काही भाग दगडाला टेकतच नाही. अशा वस्तऱ्यावर शिकणाऱ्याने तास घालवू नयेत. ती वस्तू दिसायलाच वस्तरा असते.

दाढीची धार आणि सुरीची धार यात फरक तो किती?

बराच. आणि तो आधी कोनात आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीच्या दोन्ही उतारांमध्ये मिळून साधारण ३० ते ४० अंशांचा कोन असतो, सुताराच्या पटाशीला २५ ते ३० अंश. वस्तऱ्याला १६ ते १८ अंश.

हा कोन कोणी मोजून लावत नाही, तो वस्तऱ्याच्या आकारातच बसवलेला असतो. धार लावताना पाते दगडावर आडवे ठेवतात, तेव्हा पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाते १६ मिलिमीटर रुंद असेल, तर शाळेतल्या त्रिकोणमितीने कोन १८ अंशांच्या जवळपास निघतो. पाते १६ मिलिमीटरच का, तर वस्तऱ्याची रुंदी आजही इंचाच्या आठव्या भागांत सांगतात आणि पाच अष्टमांश इंच हे सर्वांत रुळलेले माप आहे. घासून घासून पाते अरुंद होत जाते, पण त्याबरोबर पाठही झिजते. त्यामुळे वर्षानुवर्षे वापरूनही कोन फारसा बदलत नाही. मूठ हातात धरून कोन सांभाळण्याची कसरतच नको, अशी ही रचना आहे. साध्या यंत्ररचनेचा इतका चांगला नमुना घरगुती वस्तूंत क्वचित सापडतो.

पाठीवर ओरखडे पडू नयेत म्हणून काही जण तिला विजेच्या कामाची चिकटपट्टी लावतात. ती दोन्ही बाजूंनी मिळून ०.३ मिलिमीटर जाडी वाढवते आणि कोन सुमारे १ अंशाने मोठा होतो. पट्टी एकदा लावली तर पुढच्या प्रत्येक दगडावर ती ठेवावीच लागते, नाही तर नवा उतार धारेपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरा फरक टोकाच्या जाडीचा. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दाढीचा केस त्याहून राठ. दाढीसाठी तयार वस्तऱ्याच्या धारेचे अगदी टोक मात्र अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक लागते, म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा, दोनशेवा भाग. टोक जाड असेल तर वस्तरा केस कापण्याऐवजी आधी वाकवतो, ओढतो. मग माणूस नकळत जोर लावतो, आणि जोर लावल्यावर पाते केसाऐवजी त्वचेत शिरते. वस्तऱ्याने कापून घेणाऱ्यांत धार जास्त झाल्यामुळे कापून घेणारे कमी आणि कमी पडल्यामुळे कापून घेणारे जास्त, हे उलटे वाटणारे गणित त्यामुळेच.

धार आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

आधी वस्तरा स्वच्छ करायला हवा. पात्यावरचे तेल कोमट पाणी आणि साबणाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावे. बोळा नेहमी पाठीकडून धारेकडे न्यावा. धारेच्या दिशेने उलटा नेला तर बोळा कापला जातो, कधी बोटही. धारेवरून अंगठा फिरवून पाहण्याची सवय इथे पूर्ण सोडावी. सुरीसाठी ती ठीक असेल, पण इथे अंगठा जाईल आणि धारही बिघडेल.

पहिली परीक्षा डोळ्यांची. दिव्याखाली वस्तरा धार वर करून धरायचा आणि हळूहळू कलता करत दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहायचे. खऱ्या धारेला प्रकाश परतवण्याइतकी जाडीच नसते, त्यामुळे ती दिसत नाही. जिथे पांढरा ठिपका किंवा बारीक रेघ चमकते तिथे धार बोथट आहे किंवा तिचा कण उडालेला आहे. चष्मा दुरुस्त करणाऱ्यांकडे किंवा घड्याळजींकडे असते तसले भिंग यासाठी पुरते.

दुसरी परीक्षा हातावरच्या लवेची. त्वचेपासून थोडे वर, लवेच्या मध्यावरून पाते नेले आणि केस आवाज न करता कापले गेले, तर धार जवळपास आलेली आहे. डोक्याचा एक केस दोन बोटांत धरून धारेवर सोडण्याची परीक्षा दिसायला सर्वांत आकर्षक, पण बेभरवशाची. केस कोरडा आहे की ओला, मुळाकडून धरला आहे की टोकाकडून, यावर निकाल बदलतो. कागद कापून दाखवणाऱ्या व्हिडीओंकडे तर दुर्लक्षच करावे. कागद कापणारा वस्तरा दाढीला चालेलच असे नाही.

परीक्षेत वस्तरा पास झाला तर दगडाकडे वळायचेच नाही. चांगली धार असलेल्या वस्तऱ्यावर शिकाऊ हाताने ‘आणखी थोडे’ म्हणत दगड फिरवणे हा तो बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

दगडावर नेमके काय घडते?

दगड धार ‘आणत’ नाही, पोलाद काढून टाकतो. दोन्ही बाजूंचे उतार झिजत झिजत एका रेषेत मिळाले की तिथे धार तयार होते. म्हणून पहिला टप्पा उतार जुळवण्याचा असतो. त्याला साधारण १००० ग्रिटचा दगड वापरतात. कण जितके बारीक तितका हा आकडा मोठा. १००० च्या दगडातले कण साधारण बारा-पंधरा मायक्रॉनचे, ४००० च्या दगडातले सुमारे ३ मायक्रॉनचे, तर ८००० च्या दगडातले सव्वा मायक्रॉनच्या आसपासचे. मेटलर्जीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धातूचा नमुना पाहण्याआधी तो क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कागदांवर घासतात. ते ज्यांनी केले आहे त्यांना हे लगेच समजेल. प्रत्येक टप्प्याचे काम एकच, आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुसायचे आणि स्वतःचे त्याहून उथळ ओरखडे ठेवायचे. हे ओरखडे धारेपर्यंत येऊन संपतात, म्हणून ओरखडा जितका खोल, धार तितकी करवतीसारखी.

सर्वाधिक चुका पहिल्याच टप्प्यावर होतात. उतार १००० वर पूर्ण जुळले नसतील तर पुढचे सगळे दगड बोथट धारेला फक्त चकाकी देत बसतात. इथे एक साधी युक्ती कामी येते. धारेच्या उतारावर दोन्ही बाजूंनी मार्करची शाई लावायची आणि दगडावर चार-पाच वेळा पाते फिरवून पाहायचे. शाई अगदी धारेपर्यंत आणि टोकापासून मुठीपर्यंत सारखी निघाली तर पाते नीट टेकते आहे. धारेलगत शाईची बारीक रेघ उरली तर उतार अजून धारेपर्यंत पोहोचलेला नाही.

दगडही सपाट हवा. वापरलेला दगड मधे खोलगट झालेला असतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, काचेवर पसरलेल्या पाण्याच्या पॉलिश कागदावर घासले की उंच भागावरच्या रेषा आधी जातात. सगळ्या एकदम जाईपर्यंत घासायचे. दगडावर वस्तरा नेताना धार पुढे असते, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. पलटवताना पाते पाठीवर फिरवायचे, धारेवर कधीच नाही. दगड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असतो, म्हणून पाते पुढे नेता नेता तिरपे ओढून टोकापर्यंत न्यायचे. जोर जवळपास नाहीच, शेवटच्या दगडावर तर वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरे. जोर दिला की पातळ पाते वाकते आणि धारेलगत पोलादाची लोंबती बारीक कड तयार होते. ती भिंगात सुबक दिसते, हाताला तीक्ष्णही लागते आणि पहिल्या दाढीतच मोडून पडते.

शेवटचा दगड कोणता, यावर शौकिनांमध्ये न संपणारे वाद चालतात. बेल्जियममधील आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल, ज्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. जपानमध्ये क्योटोच्या परिसरातून निघालेले दगड. अमेरिकेतील अर्कान्सासचा नोव्हाक्युलाइट. प्रत्येकाचे भक्त आहेत. कारखान्यात बनलेले १२,००० ग्रिटचे दगड तेच काम करतात आणि नवख्यासाठी बरे, कारण त्यांची वागणूक ठरलेली असते. यातली एक गंमत अशी की कारखान्यात बनणाऱ्या बऱ्याच दगडांमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड असते, त्याचे खनिजरूप म्हणजे कोरंडम. हा इंग्रजी शब्द दक्षिण भारतातून गेला आहे. आपल्या ‘कुरुंदा’चे आणि त्याचे कूळ एकच.

नेहमीच्या धारवाल्याकडे दिला तर?

देऊ नये. गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला सुरी-कात्रीसाठी उत्तम, पण त्याच्या चाकातून उडणाऱ्या ठिणग्याच काय होणार ते सांगतात. वस्तऱ्याचे पोलाद कडक केल्यावर साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून बेताचे केलेले असते. त्याच्या बरेच वर तापले की ते मऊ पडते. धारेजवळची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असल्याने फिरत्या चाकाच्या एका स्पर्शात हे घडू शकते. धारेजवळ निळसर छटा दिसली तर तापमान ३०० अंशांच्या जवळ गेले होते असे समजावे. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय मग धार टिकत नाही. ज्यांना दगडांत पैसे आणि वेळ घालवायचा नाही, त्यांनी वस्तरे परजून देणाऱ्या जाणकाराकडून पहिली धार लावून घ्यावी आणि नंतरची निगा स्वतः राखावी, हाच शहाणा मार्ग.

चामड्याच्या पट्ट्याचे काम काय?

जुन्या सिनेमांत दिसते ती ही फटफट. प्रत्यक्षात ती फटफट नसतेच, असू नये. पट्ट्याच्या एका बाजूला जाड सुती किंवा तागाचे कापड असते, दुसऱ्या बाजूला चामडे. कापड धारेवरचा मळ आणि गंजाचे सूक्ष्म कण पुसते, चामडे शेवटचे गुळगुळीतपण देते आणि धारेची सूक्ष्म वाकलेली कड पुन्हा रांगेत आणते. इथे दिशा दगडाच्या उलट. पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणलेला, पाते सपाट, जोर नाही. दाढीआधी कापडावर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या, असा सर्वसाधारण प्रघात आहे. दाढीला दगडासारखी रोज गरज नसते, पट्ट्याची असते. घरगुती वापरात दगड काही महिन्यांतून एकदा लागतो.

नवा, धार लावून आलेला वस्तरा पहिल्या दाढीआधी पट्ट्यावर फिरवावा की नाही, यावर दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, प्रवासात धारेला हवा, ओल लागलेली असते, फिरवावाच. दुसरा म्हणतो, ज्याने धार लावली त्याने पट्ट्यावर फिरवूनच पाठवला आहे. नवशिक्याने फिरवला तर मनगट वळून धार दुमडण्याचीच शक्यता जास्त. दुसरे म्हणणे अधिक पटणारे आहे. पहिली दाढी तशीच करावी. म्हणजे चांगली धार कशी लागते याची जाणीव गालाला होते, आणि पुढे स्वतः पट्टा वापरल्यावर फरक पडला तर तो कशामुळे, हेही कळते. पट्ट्याचा सराव तोवर बोथट लोणी-सुरीवर करता येतो. नव्या पट्ट्याला पहिल्या महिन्यात दोन-चार काप जातातच. महागडा पट्टा आधी घेऊ नये, इतकेच.

मऊ केसाने पोलाद बोथट कसे होते?

पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण असते. तरीही दाढी करून धार जाते. असे का, याचे नेमके उत्तर अगदी अलीकडे मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रमुख लेखक जिआनलुका रोशिओली यांनी सुरुवात स्वतःच्या दाढीपासून केली. साध्या रेझरने दाढी करायची आणि ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. झीज होऊन कडा गोलसर झालेल्या दिसतील अशी अपेक्षा होती. दिसले ते धारेचे उडालेले बारीक टवके.

मग सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापण्याचे छोटे यंत्र बसवून त्यांनी प्रत्यक्ष टवका उडताना पाहिला. केस धारेला काटकोनात भिडला तर काही होत नाही. तो कापला जाण्याआधी एका बाजूला वाकला आणि नेमका त्या जागी पोलादाच्या आतल्या रचनेत एकसारखेपणा नसला, तर तिथे ताण एकवटतो आणि कण निघतो. एकदा टवका गेला की त्याच्या कडेला पुढचा जाणे सोपे.

प्रयोग फेकून देण्याच्या रेझरच्या ब्लेडवर झाला होता, वस्तऱ्यावर नाही. तरीही नव्या वस्तऱ्याच्या तयारीशी त्याचा संबंध आहे. धारेवर आधीच करवतीसारखे ओरखडे किंवा लोंबती कड शिल्लक असेल, तर टवक्यांना सुरुवात करायला जागा तयारच आहे. आणि गेलेला टवका चामडे भरून काढत नाही, त्यासाठी दगडच लागतो. पोलादाची आतली रचना सुधारली तर वस्तरा सुधारेल, ही कल्पना मात्र जुनी आहे. विजेच्या शोधांसाठी ओळखले जाणारे मायकल फॅरेडे यांनी १८२० च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट या हत्यारे बनवणाऱ्या कारागिरासोबत पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले होते आणि त्यातून वस्तरेही घडवले होते.

हे सगळे माहीत असणारे लोक गेले कुठे?

किंग कॅम्प जिलेट यांच्या सेफ्टी रेझरची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली, १९०४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती तो सरकारी सामान म्हणून पडला. त्याच्या यशाचे श्रेय सहसा सुरक्षिततेला दिले जाते, पण त्याहून मोठा बदल वेगळा होता. धार लावण्याचे काम घरातून आणि न्हाव्याच्या दुकानातून उठून कारखान्यात गेले. त्याआधी १७६९ मध्ये झां-जाक पेरे या फ्रेंच कारागिराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पूर्ण पुस्तक लिहिले होते, इतके ते शिकून घेण्याचे काम होते.

आपल्याकडे सलूनमधला जुना वस्तरा मागे पडण्याचे कारण आणखी गंभीर आहे. एकच पाते अनेकांच्या गालांवरून फिरते, आणि हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे विषाणू आहेत. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस तग धरू शकतो. एड्सविषयी जागृती वाढत गेली तसे गिऱ्हाईक स्वतःच ‘नवीन ब्लेड लावा’ म्हणू लागले आणि ते योग्यच झाले. त्यामुळे सलग पात्याचा वस्तरा आज घरातल्या एकाच माणसाने वापरायची वस्तू आहे. वडील-मुलगा, भाऊ-भाऊ यांनीही एक वस्तरा वापरू नये. जुन्या बाजारातून किंवा आजोबांच्या पेटीतून मिळालेला वस्तरा असेल तर आधी जंतुनाशकाने स्वच्छ करून, मगच दगड.

पहिली दाढी किती करायची?

दोन गाल, बस. हनुवटी, ओठाच्या वरचा भाग आणि गळा पहिल्या काही वेळा नेहमीच्या रेझरवर सोडावा. तिथे त्वचा वळते आणि केस निरनिराळ्या दिशांनी उगवतात. आंघोळीनंतर करावी, केस दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजला की पाणी शोषून मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. फेस दाट हवा, कॅनमधल्या फोमपेक्षा ब्रशने केलेला बरा. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांत, म्हणजे पाठ आणि गाल यांच्यात दोन पाठींएवढे अंतर. रिकाम्या हाताने त्वचा ताणून धरायची, केसांच्या दिशेनेच छोटे छोटे फटके द्यायचे आणि पाते कधीही आडवे सरकवायचे नाही. वस्तरा ओढतो आहे असे वाटले तर थांबायचे. कोन कमी-जास्त करून पाहावा, तरीही ओढत असेल तर धारच आलेली नाही, उरलेली दाढी रेझरने उरकावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी किंवा चेहऱ्यावर मुरमे, पुरळ असणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये.

वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जाऊ नये. पडू द्यावा.

दाढी झाल्यावर पात्याला पाणी लागू न देणे तर शक्य नाही, पण मुठीच्या खिळ्यात ते शिरू देऊ नये, कारण गंज तिथूनच सुरू होतो. कार्बन पोलाद कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात एका रात्रीत डाग धरू शकते, आणि धारेवरचा डाग म्हणजे उद्याचा टवका. मऊ कपड्याने पाठीकडून धारेकडे पुसून, कोरड्या पट्ट्यावर हलक्या हाताने दहा-बारा फेऱ्या माराव्यात, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब बोळ्याने पात्यावर पसरावा. न्हाणीघरातल्या कपाटात ठेवू नये. काही दिवस वापरायचा नसेल तर तेल जरा सढळ लावावे आणि पुढच्या दाढीआधी ते पुसायला विसरू नये.